कथानक वगळता येत नाही

गोष्ट म्हणजे काय घडले याचा क्रम आणि कथानक म्हणजे ते का घडले याची साखळी, हे सूत्र मराठीत कथालेखनाच्या शिबिरांपासून महाविद्यालयाच्या वर्गांपर्यंत सर्रास शिकवले जाते. त्याच्या जोडीला दुसरे एक मत तितक्याच ठामपणे मांडले जाते: कथानक ही निव्वळ कारागिरी आहे, खऱ्या लेखकाला तिची गरज नसते, त्याच्यापाशी जगलेले आयुष्य असले की पुरे. ही दोन्ही मते पुष्कळदा एकाच तोंडून ऐकू येतात. त्यांचा आपसात मेळ बसत नाही, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. कार्यकारणभाव हेच कथानक असेल, तर कथानक टाळणारा लेखक कारणांशिवाय लिहितो असे म्हणावे लागेल, आणि तसे लिहिणारा एकही मोठा मराठी लेखक दाखवता येणार नाही. मुळात दोन्ही मते चूक आहेत. घडलेले वाचकाला केव्हा, कोणाच्या नजरेतून आणि किती कळू द्यायचे, याविषयी लेखकाने केलेली निवड म्हणजे कथानक. ही निवड टाळता येत नाही. ती जाणीवपूर्वक तरी होते, नाहीतर गाफीलपणे.

पहिल्या सूत्राचे मूळ ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत आहे. ती ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या नावाने त्याच वर्षी पुस्तकरूपात आली. राजाच्या मागोमाग राणीही वारली एवढेच सांगितले तर ती गोष्ट, आणि राणी राजाच्या शोकाने गेली असे सांगितले तर ते कथानक, हे त्यांचे उदाहरण मराठीत इतके घोटले गेले आहे की फॉर्स्टर तिथे थांबले नव्हते याचाच विसर पडला. त्यांनी लगोलग तिसरी मांडणीही दिली होती. राणीचा मृत्यू आधी सांगायचा, कारण कोणालाच ठाऊक नाही असे दाखवायचे आणि शोकाचा उलगडा मागाहून करायचा. वाढीला मोठा वाव असलेले कथानक ते हेच, असा त्यांचा अभिप्राय होता. आता दुसरी आणि तिसरी मांडणी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत मृत्यू तेच, कारण तेच, घटनांचा प्रत्यक्ष काळही तोच. बदलली ती फक्त कारण वाचकाच्या हाती पडण्याची वेळ. म्हणजे ज्यांच्या नावावर हे सूत्र खपवले जाते, त्यांच्याच उदाहरणाने ते अपुरे ठरते. तिसरे उदाहरण गाळून पहिली दोनच शिकवणे ही नुसती संक्षेपाची सोय राहत नाही, त्याने मूळ विचारच उलटा होतो.

पेण तालुक्यातल्या खारेपाटात हे सूत्र आणखी स्पष्टपणे तपासता येते. भरतीचे खारे पाणी भातशेतात शिरू नये म्हणून खाडीच्या काठाने मातीचे बांध घातलेले असतात, आणि आत साठणारे पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधात उघाडी ठेवलेली असते. उघाडीच्या दाराची करामत साधी पण नेमकी आहे. ओहोटीला आतले पाणी दार बाहेर ढकलते, भरतीला बाहेरचे पाणी ते आपसूक मिटवते. दाराच्या फटीत एखादे लाकूड अडकवून ठेवले तर ते पुरते मिटत नाही, आणि भरतीबरोबर मासळी आत येते. समजा, एका माणसाने तसे लाकूड अडकवले. रात्र अमावास्येची, उधाण मोठे. पाणी उघाडीच्या बाजूची माती कुरतडू लागले, पहाटेपर्यंत बांधाला खांड पडली आणि खारे पाणी गावाच्या खाचरांत पसरले. पुढची काही वर्षे तिथे भात धड पिकला नाही. शेजारच्या घरातला थोरला मुलगा मुंबईला गिरणीत गेला, धाकट्याचे शिक्षण सुटले.

खारेपाटातला कोणताही जाणता माणूस हे सांगताना कारणांसकटच सांगेल. लाकूड होते म्हणून दार मिटले नाही, दार मिटले नाही म्हणून खांड पडली, खांड पडली म्हणून शेत गेले, शेत गेले म्हणून पोरगा गेला. या सांगण्यात कार्यकारणाची एकही कडी सुटलेली नाही. तरीही कथा अजून सुरू झालेली नाही. कारणे घटनांच्या पोटातच असतात, ती गोष्टीचीच मिळकत आहे. लेखकाने वरून कारण घातले की गोष्टीचे कथानक होते, ही समजूत शेतकऱ्याच्या तोंडच्या साध्या हकिकतीपुढेही टिकत नाही.

आता याच घटनांची मांडणी बदलून पाहावी. लाकूड अडकवताना वाचक त्या माणसाच्या शेजारी उभा असेल, तर पुढची प्रत्येक ओळ धास्तीची होते. पाणी चढते आहे हे वाचकाला कळते, घरात झोपलेल्यांना कळत नाही. शेजाऱ्याच्या ओटीवरच्या उद्याच्या कामाच्या गप्पाही मग साध्या राहत नाहीत. दुसऱ्या मांडणीत लाकडाचा उल्लेख शेवटपर्यंत दाबून ठेवला, तर वाचकही गावाबरोबर दोष उधाणाला देतो, बांधाच्या डागडुजीत कसूर करणाऱ्यांना देतो, नशिबाला देतो. पुढे कधीतरी तो माणूस मुंबईहून सुट्टीला आलेल्या त्या मुलापुढे कबुली देतो, तेव्हा वाचकाला आपलाच आधीचा निवाडा परत घ्यावा लागतो. तिसऱ्या मांडणीत सगळे धाकट्या मुलाच्या नजरेतून येते. त्याला फक्त एवढे दिसते की शेजारचा काका बांध फुटल्यापासून घरी मासळी पाठवायचा थांबला. लाकूड कथेत येतच नाही. वाचक ते ओळखेल किंवा ओळखणार नाही, पण काकाचे गप्प होणे त्याला सलत राहील. तीन कथा, तीन वेगळे अनुभव, कदाचित माणसाविषयीचे तीन वेगळे निवाडे. घटना आणि कारणे मात्र तिन्हींत तीच. या तिघींत जो फरक आहे त्यालाच कथानक म्हणायचे, आणि तो कारणांच्या यादीत कुठेही सापडत नाही.

कारण खरोखरच दूरचे आणि झाकलेले असते, तेव्हाही हेच दिसते. रोह्याची कुंडलिका नदी पावसाळ्यानंतरही वाहती राहते. पाऊस नसताना कोलाडच्या बाजूला तिचे पाणी सकाळी चढते, आणि तिथले नौकाविहार त्या वेळेवरच चालतात. पाणी येते ते भिऱ्याच्या वीजघरातून. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. तिथे हे पाणी सह्याद्री ओलांडून मुळशीच्या धरणातून येते, आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून शेतीला आणि रोह्याच्या कारखान्यांना जाते. मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांनी याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता आणि तरीही त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. वीस-पंचवीस कोसांच्या आतले एकाचे बुडणे आणि दुसऱ्याचे भिजणे असे थेट जोडलेले आहे. हा संबंध अभियांत्रिकीच्या अहवालात आहे, इतिहासाच्या पुस्तकातही आहे. तिथे तो असल्याने अहवाल कादंबरी होत नाही. कादंबरीकार रोह्यातल्या बागायतदाराच्या सुखाची चार प्रकरणे आधी लिहून पाचव्यात मुळशीतले बुडणारे घर दाखवील, की बुडणारे घर आधी दाखवून वाचकाला कालव्याचे पाणी निर्धास्तपणे पाहूच देणार नाही, इथे कथानक ठरते. कारण जसेच्या तसे राहते. बदलते ते वाचकाच्या मनावर पडणारे ओझे.

हे सगळे पाश्चात्त्य चर्चेतून उसने आणण्याची गरज नाही. नाट्यशास्त्राने इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले आणि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण असे त्याचे पाच संधी सांगितले. ही घटनांच्या काळाची विभागणी नाही. फळाची आशा प्रेक्षकाला कुठे दिसते, कुठे झाकोळते आणि कुठे पुन्हा हाती लागते, याची ती विभागणी आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने बजावले की नुसते इतिवृत्त पार पाडण्यात कवीला काहीच साधत नाही, ते काम इतिहास करतोच. दहाव्या शतकाच्या सुमारास कुंतकाने प्रकरणवक्रता आणि प्रबंधवक्रता या नावांनी, जुन्या कथेत कवी करतो ते फेरफार नेमके तपासले. त्याचे एक उदाहरण शाकुंतलाचे आहे. महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला चांगली आठवते आणि तो लोकापवादाच्या भीतीने जाणूनबुजून नाकबूल होतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घातला. सूत्र मानणारे म्हणतील, कालिदासाने कारण बदलले. ते खरे आहे, पण अर्धेच. शाप ऐकला कोणी, हे पाहायला हवे. चौथ्या अंकात तो अनसूया आणि प्रियंवदा या दोन सखींच्या कानांवर पडतो, आणि त्या तो शकुंतलेपासून लपवून ठेवतात. प्रेक्षकाला ठाऊक, सखींना ठाऊक, जिच्यावर तो कोसळणार तिलाच ठाऊक नाही. निरोपाच्या प्रसंगातले सगळे कारुण्य या एका वाटणीवर उभे आहे. शकुंतलेला शाप आधी कळला असता तर कारण तेच राहून अंक निष्प्राण झाला असता.

ज्या भाषेच्या मागे ही परंपरा आहे तिथे कथानकाविषयी इतका तुच्छभाव कसा आला, याचे उत्तर विसाव्या शतकातल्या मराठी कथेच्या वाटचालीत मिळते. ना. सी. फडके यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये कथालेखनाच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा केली, आणि त्यांच्या प्रभावाखाली निरगाठ, गुंतागुंत, उकल या टप्प्यांनी जाणाऱ्या कथा मासिकांत भरभरून येऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळ कथांत शेवटचा धक्का साधण्यासाठी माणसे वाकवली जात. दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेला या चाकोरीतून बाहेर काढले. ते बंड आवश्यक होते आणि मराठी कथेवर त्याचे मोठे उपकार आहेत. मात्र त्यातून समीक्षेने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. एका प्रकारचे कथानक निकामी झाले होते. समीक्षेने कथानकच निकामी झाल्याचे जाहीर केले.

कथानकाला साचा म्हणण्याची सवय तेव्हापासून लागली. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत साचा हे मूर्तीचे निम्मे कामही नसते. साच्यातून निघालेले भाग जोडायचे, सांधे बुजवायचे, वाळवायचे, घासायचे, रंग चढवायचा, आणि सर्वांत शेवटी मुरलेला हात डोळ्यांची आखणी करतो. बुबुळाची जागा केसभर हलली तर मूर्तीची नजर बदलते. एकाच साच्याच्या शंभर मूर्तींत गिऱ्हाईक एकच निवडून घेते ते बहुधा या आखणीपायी. कथानक हे या आखणीच्या जातीचे काम आहे. वाचकाची नजर कुठे लागावी ते त्याने ठरते. ज्यांनी साच्यालाच कथानक समजून ते फेकून दिले, त्यांनी आखणीचा विचार करणेही सोडून दिले.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली, आणि तिला कथानक नाही हे आजही कौतुकाने सांगितले जाते. कादंबरी बारकाईने वाचली की हे कौतुक टिकत नाही. एक कोवळा शिक्षक धनगरांच्या वाडीवर येतो. वाचकाला वाडी दिसते ती त्याच्याच डोळ्यांनी, त्याला जितकी उमगते तितकीच. कारभारी, आनंदा, रामा यांच्याविषयी त्याचा समज जसा बदलतो तसा वाचकाचाही बदलतो. गावाने मिळून तालीम उभी केल्यावर मग दुष्काळ येतो. हा क्रम सहज पडलेला नाही. दुष्काळ आधी आला असता तर तालीम ही सावरण्याची कथा झाली असती. ती आधी उभी राहिल्यामुळे ओस पडणारी वाडी जास्त मोठी हानी ठरते. कोणाचा कट नाही, कुठली उकल नाही, तरी वाचकाच्या समजुतीचा प्रत्येक टप्पा लेखकाने ठरवलेला आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) तर कथानकाच्या विरोधातला पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जाते. पण पुण्यातल्या वसतिगृहाच्या टवाळकीत वाचक रमलेला असताना त्यात धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू येतो आणि निवेदनाचा सूरच मोडतो. पहिल्याच पानावर तो मृत्यू सांगितला असता तर आधीची सारी टवाळकी मुखवटा वाटली असती. ती तशी न वाटता खरी वाटावी आणि मग तिच्या खालची जमीन जावी, हे लेखकाने ठरवलेले आहे. ‘कोसला’ची थोरवी तिच्या कथानकाच्या नेमकेपणातही आहे, आणि ते मान्य केल्याने ती कादंबरी तिळभरही लहान होत नाही.

उरतो तो सर्वांत वजनदार आक्षेप. आयुष्याला आकार नसतो, कथानक तो लादते, म्हणून ते खोटे असते. या आक्षेपात तथ्य आहे. खोटी कथानके असतात आणि ती माणसांवर अन्याय करतात. पण त्यावर सुचवला जाणारा उपाय, म्हणजे जसे घडले तसे क्रमाने सांगत जाणे, हा खरेपणाचा मार्ग नाही. तारीखवार क्रम हीसुद्धा निवडच आहे. त्यात काय मोठे आणि काय किरकोळ हे दिनदर्शिका ठरवते, आणि लेखक स्वतःची जबाबदारी तिच्यावर ढकलून मोकळा होतो.

चरीचा शेतकरी संप याचा कस लावायला योग्य आहे. चरी अलिबाग तालुक्यात, पेणच्या खारेपाटाला लागूनच. खोतीच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे संप पुकारला गेला. कुळांनी खोतांच्या जमिनी कसणे बंद केले. आसपासची अनेक गावे त्यात होती आणि संप जवळजवळ सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. रायगडच्या मातीत इतके मोठे द्रव्य पडले आहे, कोणीतरी ते नुसते लिहून काढले पाहिजे, असे या संपाविषयी पुष्कळदा कळकळीने म्हटले जाते. या म्हणण्यातला ‘नुसते’ हा शब्द सगळा घोटाळा करतो.

हा संप नुसता लिहून काढला, म्हणजे १९३३ पासून १९३९ पर्यंत साल दर साल उतरवला, तर वाचक पहिल्या पानापासून विजयाकडे पाहत राहील. संप यशस्वी झाला हे त्याला आधीपासून ठाऊक असते. अशा वाचकाला १९३५ च्या पावसाळ्यात पडीक ठेवलेले शेत दिसले तरी त्यात धोका दिसत नाही. प्रत्यक्षात त्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या कुळाला कायदा होणार आहे हे माहीत नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की पेरले नाही तर घरात भात येणार नाही, आणि पेरले तर शेजाऱ्यांचा शब्द मोडेल. त्याच्या धैर्याचे मोल त्याच्या या न जाणण्यात आहे. क्रमवार, प्रामाणिक, कथानकाशिवाय सांगितलेली हकिकत नेमके तेच मोल पुसून टाकते. ती खोटे बोलत नाही, तरीही त्या माणसांविषयी चुकीची समजूत देते.

म्हणून हा संप लिहिणाऱ्या कादंबरीकाराला काही गोष्टी ठरवाव्याच लागतील. वाचकाला कुळांइतकेच कळू द्यायचे असेल, तर निवेदन एका घरात कोंडावे लागेल आणि विधिमंडळातल्या हालचाली बाजारात ऐकलेल्या अर्धवट बातम्यांच्या रूपानेच आत येऊ द्याव्या लागतील. उलट, वाचकाला शेवट माहीत आहेच तर त्याचाच उपयोग करायचा असेल, तर १९३९ पहिल्या प्रकरणात सांगून टाकावे, आणि प्रश्न ‘जिंकतील का’ या जागेवरून ‘सहा वर्षे कशी काढली’ या जागेवर न्यावा. मग घरातल्या ताटात काय होते, कोणी लाकडाच्या मोळ्या विकल्या, कोणत्या सुनेने माहेरून तांदूळ आणला, कोण रात्री गुपचूप खोताकडे जाऊन आला, यांना मध्यवर्ती जागा मिळते. खोताच्या घरातूनही कथा सांगता येईल. त्या मांडणीत वाचकाला दोन्ही बाजूंचे थकणे दिसेल, आणि आपली सहानुभूती कुठे सरकते आहे याकडे त्याला स्वतःच लक्ष द्यावे लागेल. या तिन्ही वाटा इतिहासाला धरून आहेत, आणि एकीतही तारीख बदलण्याची गरज पडत नाही.

शेवट कुठे करायचा, हाही याच निवडीचा भाग आहे. १९३९ च्या कायद्यावर पुस्तक संपवले तर ती लढ्याच्या यशाची कादंबरी होते. १९४८ च्या कुळकायद्यापर्यंत नेले तर ती एका पिढीने पेरून दुसरीने कापल्याची कादंबरी होते. आणि संप मिटल्यानंतरच्या पहिल्या पावसात सहा वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीचे बांध पुन्हा घालणे, गवत काढणे, उघाडीची दारे बसवणे इथे ती थांबवली, तर कायदा मिळाला तरी शेत आयते मिळाले नव्हते हे वाचकाला कुणी न सांगता कळते.